बर्फखोलीतले निवडुंग

माझ्या नवऱ्याने गेल्या हिवाळ्यात आपले निवडुंग माझ्या भावाच्या बर्फखोलीत, मासळीच्या शेजारी ठेवले होते. लग्नाकार्यात कोणीतरी हा विषय काढतं आणि मंडळी पोट धरून हसतात. नवराही हसतो. मी हसत नाही. त्या दिवशी वहिनीचे हात मी पाहिलेत, आणि त्या हातांच्या शेजारी उभं राहून हा माणूस काय म्हणाला तेही ऐकलंय.

मी मूळची एडवणची, मच्छीमाराच्या घरातली. आमची बोट आजोबांपासूनची. दादा हल्ली समुद्रात कमी जातो. गावातल्या दोघांना बरोबर घेऊन त्याने बर्फाच्या लाद्या बनवायचा छोटासा कारखाना टाकलाय आणि त्याला लागून माल ठेवायला एक थंड खोली बांधलीय. तिला सगळे बर्फखोलीच म्हणतात. नवरा घाटावरचा, केमिकल इंजिनिअर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कंट्रोल रूममध्ये एसीत बसतो. आम्ही बोईसरला चौथ्या मजल्यावर राहतो. मी स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. मुलगी कॉलेजात आहे.

नवऱ्याला मासळीचा वास सहन होत नाही. दादा ताजे मासे घेऊन आला की हा दारातच म्हणायचा, "राहू दे ना ते बाहेर, घरभर वास होतो." मग दादा पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकवायचा, चपला काढायचा आणि आत येऊन सोफ्याच्या टोकावर अवघडून बसायचा. एडवणला जायचं झालंच तर नवरा बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा, नाकाशी रुमाल. वहिनी त्याच्यासाठी वेगळं वरण लावायची आणि तो ते उपकार केल्यासारखं खायचा. नवरा कंपनीतून घरी येतो तेव्हा त्याच्या शर्टाला जो वास असतो, त्याने माझं डोकं उठतं. पण तो पगाराचा वास, त्यामुळे त्याच्या लेखी तो वासच नाही.

निवडुंगाचं वेड त्याला लागलं ते बढती हुकल्यावर. त्याच्याहून धाकट्या माणसाला वरची खुर्ची मिळाली. साहेबासमोर ह्याच्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. हातात पेढा घेऊन अभिनंदन करून आला आणि घरी येऊन मोबाइल उघडून बसला. कुठल्यातरी थंड देशातला एक दाढीवाला माणूस बागेतलं बर्फ ब्रशने बाजूला करत होता आणि खालून हिरवा निवडुंग निघत होता.

"बघ," नवरा म्हणाला, "मायनस वीस. आणि बघ कसा उभा आहे."

"आपल्याकडे कुठे मायनस वीस आहे?" मी विचारलं.

"मुद्दा तो नाहीये."

मुद्दा काय ते त्याने सांगितलं नाही. तो कधीच सांगत नाही. दोन-चार दिवसांनी स्वतःहूनच म्हणाला, "ही झाडं कणखर असतात. तक्रार करत नाहीत." तेव्हा माझ्या लक्षात आलं. तक्रार न करणारं जे जे काही जगात आहे, ते त्याला आवडतं. त्यात मी बरीच वर्षं बसत होते.

मग पार्सलं यायला लागली. कुठल्या कुठल्या थंड डोंगरांवरच्या नर्सऱ्यांतून, कागदात गुंडाळलेली, भुसा भरलेली. वॉचमन एकदा बोट चोखत वर आला आणि म्हणाला, "साहब का काँटे वाला पार्सल है, मैडम. आप ही रख लो, हम नहीं छुएंगे." आत चपट्या पानांचे निवडुंग होते, भाकरीएवढे नाही, पुरीएवढे. काही बोरांसारखे गोल गोळे होते, पांढऱ्या काट्यांनी विणल्यासारखे. आणि काही जाड पानांची झाडं, पाकळीवर पाकळी बसवलेल्या हिरव्या गुलाबांसारखी. त्या गुलाबांची मला गंमत वाटली होती, हे मान्य करते. मधल्या झाडाभोवती बारकी पिल्लं चिकटलेली असतात आणि आई मेली तरी पिल्लं जगतात, असं नवऱ्याने सांगितलं. परदेशात लोक ती छपरांवर लावतात म्हणे.

प्रत्येकाचं लॅटिन नाव तो जपासारखं म्हणायचा. उथळ कुंड्या, तळाला भोकं, माती थोडी आणि खडी जास्त. खडी आणली सोसायटीच्या मागे चाललेल्या बांधकामावरून आणि चाळली माझ्या पिठाच्या चाळणीने. गॅलरीतली कपड्यांची दोरी काढून टाकली, कारण ओल्या कपड्यांतून पाणी ठिबकतं आणि ह्या झाडांना पाणी म्हणजे विष. त्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या एका घरात कुंड्यांवर ताडपत्री होती आणि माणसांचे कपडे बेडरूममध्ये पंख्याखाली वाळत होते.

एडवणच्या वाटेवर माकुणसारच्या बाजूला कुंपणाकुंपणांवर निवडुंग माजलेला असतो. मी एकदा म्हटलं, "हेच हवं होतं तर तिथून एक फांदी तोडून आणली असती."

तो असा हसला की जणू मी त्याला घड्याळाच्या बदल्यात भोपळा घ्यायला सांगितला होता. "तो गावठी. ते काय, कुठेही वाढतं."

कुठेही वाढतं हा त्याच्या मते त्या झाडाचा दोष होता.

ते हिरवे गुलाब ऑगस्टपर्यंत गेले. एका सकाळी बघावं तर पाकळ्या तपकिरी, आणि बोट लावलं की चिखल. पिल्लं आईच्याही आधी गेली. बर्फात उभं राहणाऱ्या झाडांना बोईसरची दमट हवा पेलली नाही, एवढी साधी गोष्ट. पण नवऱ्याने दोष दिला मातीला, नर्सरीला आणि फरशी पुसताना पाणी उडवल्याबद्दल मला. उरले निवडुंग.

त्याचा मोबाइलवर एक गट होता. पालघर, बोईसर, विरारकडचे काटेप्रेमी. बहुतेक सगळे पन्नाशीच्या पुढचे पुरुष आणि दोन-तीन बायका. सकाळ झाली की एकमेकांना काट्यांचे फोटो पाठवायचे आणि खाली लिहायचे, 'हार्डी!' कोणाच्याही घरात बारा महिने पंखा बंद होत नसेल, पण प्रत्येकाकडे थंडीला टिकणारं झाड. त्या गटाचा एक म्होरक्या होता, बँकेतून निवृत्त झालेला. त्याने सांगितलं की ह्या जातींना फुलं यायची तर दोन-तीन महिने कडक, कोरडी थंडी लागते. झाड सुरकुततं, जमिनीवर आडवं पडतं, मेल्यासारखं दिसतं आणि मग उन्हाळ्यात फुलतं.

आमच्याकडे डिसेंबरात रात्री चादर पांघरली तर हिवाळा झाला म्हणतात. म्हणून नवऱ्याने आधी आमचा फ्रिज घेतला. भाजीचा कप्पा रिकामा करून त्यात चार निवडुंग झोपवले. तिसऱ्या दिवशी मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, कोथिंबिरीत काटे आहेत!"

"नीट निवडून घ्यायची," हा म्हणाला.

मुलीने निवडुंग काढून सरळ गॅसच्या ओट्यावर ठेवले आणि ती कॉलेजला निघून गेली. मला तिचा अभिमान वाटला. नवरा दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, स्वतःहून म्हणाला, "या रविवारी एडवणला जाऊन येऊ या का? दादांना भेटलो नाही बरेच दिवस."

मी वेडी. मला बरं वाटलं.

गाडीच्या डिकीत काय आहे ते मला जेवणं झाल्यावर कळलं. त्याआधी तो दादाच्या घरात आत जाऊन चटईवर बसला होता. रुमाल खिशात. वहिनीने भीत भीत बोंबलाचं कालवण वाढलं, तर त्याने ते खाल्लं आणि पुन्हा मागून घेतलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. आपला जावई इतक्या वर्षांनी आपल्या हातचं जेवला, ह्या आनंदाने. मी खाली मान घालून जेवत राहिले. मला तोवर वास आला होता, मासळीचा नव्हे.

हात धुतल्यावर त्याने विषय काढला. "दादा, तुमच्या बर्फखोलीत एखादी फळी रिकामी असेल का? थोडी झाडं ठेवायची होती. दोन-तीन महिनेच."

"झाडं?" दादा म्हणाला. "बर्फात?"

"ही वेगळी झाडं आहेत. यांना थंडी लागते."

दादाला काही समजलं नाही, पण इंजिनिअर जावई आपल्याकडे काहीतरी मागतोय एवढं समजलं आणि तेवढ्याने तो फुलला. "अवो जावईबापू, एक काय, दोन फळ्या घ्या. आपलीच खोली हाय."

वहिनी हळूच म्हणाली, "तिथं बायका काम करतात. काटं हायत ना त्यांना?"

"तू गप. तुला काय कळतंय यातलं?" दादा म्हणाला.

माझा भाऊ वाईट माणूस नाही. वादळात बोट किनाऱ्याला लावणारा माणूस आहे. पण शर्ट आत खोचलेला माणूस समोर आला की त्याचा कणा वितळतो, आणि त्या दिवशी मला त्याचीही चीड आली. त्याने बर्फखोलीतली सगळ्यात चांगली, वरची फळी पुसून दिली. तिथे एरवी घोळीसारखा महागाचा मासा ठेवतात. नवऱ्याने थर्माकोलच्या खोक्यांमध्ये कुंड्या उभ्या केल्या आणि प्रत्येक खोक्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं की हात लावू नये. त्या खोलीत काम करणाऱ्या एकाही बाईला इंग्रजी येत नाही. वहिनी चौथी शिकलीय.

मी त्याला गाडीत विचारलं, "अहो, कोरडी थंडी लागते म्हणाला होतात ना? ती खोली दिवसभर ओली असते. बर्फ फोडतात तिथे."

"झाकणं आहेत खोक्यांना."

"आणि कोणाला काटे लागले तर?"

"वरच्या फळीला कोण हात लावतंय?"

त्यानंतर दर रविवारी आम्ही पालघर ओलांडून माकुणसारवरून एडवणला. माझ्या आईच्या आजारपणात महिन्यातून एकदा जायला ज्याला सुट्टी मिळत नव्हती, तो माणूस दर रविवारी. दाराशी चपला काढून बर्फखोलीत जायचा, टॉर्च मारून निवडुंग बघायचा, फोटो काढायचा. फोटोत मासळीचे क्रेट येणार नाहीत असा कोन धरायचा. गटावर त्याने लिहिलं, 'माय कोल्ड चेंबर.' म्होरक्याने अंगठा दाखवला. दादा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला बर्फखोलीचं दार उघडून दाखवायचा, "आमच्या जावयाचे विलायती निवडुंग. बर्फात राहतात." दोघेही खूश. एकाला फुकटात हिवाळा मिळाला होता आणि दुसऱ्याला जावई.

निवडुंग खरोखर सुरकुतले. चपटी पानं लोळागोळा होऊन खोक्याच्या तळाशी पसरली. नवरा म्हणाला, हे असंच व्हायला हवं. मी एकाला नख लावून बघितलं. तो मऊ होता. वर्षानुवर्षं माणसांच्या दंडांवर शीर चाचपून माझ्या बोटांना मऊ आणि मेलेलं यांतला फरक कळतो. पण मी बोलले नाही, कारण मला वाटलं, होऊ दे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बोटींना बोंबील जोरात लागला. इतका, की वाळत घालायला बांबूच्या वलांड्या पुरेनात, आणि बराचसा माल बर्फात घालायला लागला. बर्फखोली छतापर्यंत भरली. दादाने बायकांना बजावून ठेवलं होतं, वरची जावयांची खोकी जागची हलवायची नाहीत. म्हणून त्या फळीच्या खाली वाकून वाकून बायका क्रेट सरकवत होत्या. एक क्रेट वर उचलताना फळीला लागला आणि एक खोकं खाली आलं. थर्माकोल फुटला, कुंड्या फुटल्या आणि सडत आलेली ती पानं फोडलेल्या बर्फात आणि बोंबलांत विखुरली.

खाली वहिनी होती. बाहेर टेम्पो उभा होता, घाई होती. तिने ओंजळीने ते सगळं भरभर बाजूला केलं. सकाळपासून बर्फात काम करून तिचे हात बधिर झाले होते. तिला काही जाणवलंच नाही. त्या चपट्या निवडुंगांना मोठे काटे असतात ते दिसतात. पण पानांवर ठिपक्या-ठिपक्यांनी केसांहून बारीक कुसळं असतात, आकडा असलेली, ती दिसत नाहीत आणि एकदा रुतली की बाहेर येत नाहीत. वहिनीने अशा कितीतरी ओंजळी भरल्या. हातांत ऊब परत आली तेव्हा तिला कळलं, आणि मग ती ओट्यावर बसून लहान मुलासारखी रडली, असं शेजारणीने मला सांगितलं. वहिनी स्वतः सांगणार नाही.

मला लॅबमध्ये दादाचा फोन आला. "बाय, तू ये गो. तुझ्या वैनीच्या हाताला जावयांचे काटं लागलं हायत. आनि त्यांना पन सांग. त्यांचं एक खोकं फुटलंय, मला लाज वाटते सांगायला."

मी चिमटे, मोठी चिकटपट्टी आणि डिंकाची बाटली पर्समध्ये टाकली. नवरा अर्धी सुट्टी टाकून आला. इतक्या तातडीने सुट्टी टाकलेली पाहून मला क्षणभर वाटलं, वहिनीसाठी असेल. गाडी दादाच्या घराशी थांबली तेव्हा वहिनी ओट्यावरच बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे. तळहात लाल, बोटं सुजलेली. हा तिच्या समोरून गेला, मान हलवली आणि सरळ बर्फखोलीत.

मी तिच्याजवळ बसले. आधी चिकटपट्टी लावून ओढली. वर वर रुतलेली कुसळं आली. मग तळहातावर डिंक पसरला, सुकू दिला, सालीसारखा सोलून काढला. उरलेली मोबाइलच्या उजेडात चिमट्याने. तिने एकदाही हात मागे घेतला नाही. फक्त एकदा म्हणाली, "आज माल पाठवायचा होता गो. माझा हात पडला असता तर आटपला असता."

तेवढ्यात नवरा बाहेर आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत निवडुंगांचे तुकडे.

"तीन पूर्ण गेले," तो म्हणाला. "मुळंच राहिली नाहीत." मग त्याचं लक्ष वहिनीकडे गेलं. "वहिनी, यांना हाताने धरायचं नसतं. चिमट्याने धरायचं. मी खोक्यावर लिहून ठेवलं होतं ना?"

वहिनी उठायला लागली, चहा ठेवायला. त्या हातांनी. मी तिला खाली बसवलं.

आणि दादा पुढे आला. माझा मोठा भाऊ, ज्याच्या बायकोचे हात माझ्या मांडीवर होते, त्याने नवऱ्यासमोर हात जोडले. "जावईबापू, माफ करा. आमच्या बायकांना काय समजतंय? तुमचं नुकसान झालं. फुडच्या टायमाला मी कुलूप लावून ठेवीन."

"नाही, ठीक आहे," नवरा म्हणाला. मोठ्या मनाने! त्याने माफ केलं!

मी आयुष्यात कधी नवऱ्याला एकेरी हाक मारली नव्हती. आमच्यात ती पद्धत नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "तू गप्प बस. आधी तिचे हात बघ. त्या पिशवीत काय बघतोस? इथे बघ."

ओट्यावर शेजारच्या बायका उभ्या होत्या. नवऱ्याचा चेहरा मी बढती हुकलेल्या दिवशी पाहिला होता तसाच झाला, कोरा. साहेबासमोर होतो तसा. तो वाकून वहिनीच्या हातांकडे बघायला लागला आणि तेही असं, की जणू बघण्याचं काम नेमून दिलंय.

"बाय," दादा दबक्या आवाजात मला म्हणाला, "जावई हायत ते."

"तुझी ती बायको आहे," मी म्हटलं.

आम्ही परत निघालो. मागच्या सीटवर, परत घेतलेल्या बाकीच्या खोक्यांतून पाणी गळत होतं आणि गाडीभर बोंबलाचा वास. त्याने चारही काचा खाली केल्या. मी माझी वर केली.

गॅलरीत ठेवल्यावर राहिलेल्या निवडुंगांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. एकेक करून पाण्याची पिशवी फुटावी तसे फुटले. कावळे कुंड्या उचकटायला लागले, माश्या घोंगावू लागल्या. खालच्या मजल्यावरची मांजर कशी चढली कोण जाणे, पण ती रोज खडी उकरायची. नवऱ्याने तिच्यावर पाणी मारलं, म्हणजे कुंड्यांवरही मारलं. शेवटी दोन उरले. दोन्ही आडवे, सुरकुतलेले, जिवंत आहेत की नाहीत हे तेच जाणोत.

हे चालू असताना गट आमच्या घरी आला. ठरलेलं होतं, कोल्ड चेंबरचे निवडुंग बघायला. सहा माणसं. म्होरक्या घरातही टोपी घालून बसला. त्याने सोफ्यावर बसून झाडांच्या सहनशक्तीबद्दल एक भाषण केलं आणि मध्येच म्हणाला, "जरा एसी लावता का? फार घामट आहे तुमच्याकडे." मी चहा देत होते. मग सगळे गॅलरीत गेले. एक बाई कुंडीवर वाकली, नाक आक्रसलं आणि म्हणाली, "माशांचं खत घालता का हो तुम्ही?"

मला वाटलं, आता तरी तो सांगेल.

"हो," नवरा म्हणाला. "फिश इमल्शन. थोडं घालतो."

"वाटलंच मला. किती हेल्दी दिसतायत!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्होरक्याने प्रमाण विचारलं. माझ्या नवऱ्याने, ज्याला कालवणाचा वास चालत नाही, त्याने पाण्यात माशांचं खत किती मिसळायचं ते चमच्यांत सांगितलं, आणि त्या सहा जणांनी ते मोबाइलवर लिहून घेतलं. मी आत जाऊन ट्रे खाली ठेवला. एवढा तिरस्कार माझ्यात मावेल असं मला आधी वाटलं नसतं. शांत होता तो. चहाचे कप विसळतानाही तो होता आणि कप स्वच्छ निघत होते.

वहिनीचे हात बरे व्हायला बरेच आठवडे लागले. एका बोटात गाठ झाली, ती आमच्या लॅबशेजारच्या डॉक्टरांनी चिरा देऊन काढली. तोवर मी दर रविवारी एडवणला जात होते. एकटी, लोकलने सफाळ्यापर्यंत आणि पुढे रिक्षाने. वहिनीच्या जागेवर बसून मासे निवडायचे, लहानमोठे वेगळे करायचे. लग्नाआधी मी हे डोळे मिटून करायची. आता माझे हात मंद झालेत. बायका हसायच्या. "सुई टोचायचा हात हाय तो," एक म्हणाली, "त्याला बोंबील कुठून गावतोय?" वहिनी बांधलेले हात मांडीवर घेऊन शेजारी बसायची आणि कुठला मासा कुठे टाकायचा ते हनुवटीने दाखवायची. आम्ही दोघी कधी इतक्या बोललो नव्हतो. ती मला म्हणाली, "तू त्यांना तसं बोललीस ना त्या दिवशी, मला भ्याच वाटलं. आनि मग रात्री झोप पन चांगली लागली."

नवरा त्या दिवसानंतर एडवणला गेला नाही. ओळखीच्यांना सांगायचा, तिथलं वातावरण झाडांना मानवत नाही, स्वच्छता नसते. ते दोन निवडुंग उन्हाळ्यात उभे राहिले, पण फुलले नाहीत. पावसाळ्यात त्याने नवीन मागवले, जास्त थंडीला टिकणारे. मायनस पंचवीस.

आणि आता नोव्हेंबर उजाडला. परवा मला कळलं की दादाने ह्याला परस्पर फोन केला होता. वरची फळी मोकळी केलीय म्हणे, पत्र्याचं कपाट आणलंय, कुलपासकट. "राग धरू नका जावईबापू, घरचीच गोष्ट हाय." नवऱ्याने मला न सांगता खोकी भरली. मी ऐकलं तेव्हा दोघांपैकी कोणावर आधी ओरडावं ते मला ठरवता येईना. एक हात जोडतो म्हणून दुसरा माफ करत राहतो, हे दोघांनाही कधी दिसणार नाही.

पण काल खोकी कधी आणू ते विचारायला नवऱ्याने दादाला फोन लावला, तेव्हा शेजारी वहिनी होती. तिने दादाच्या हातातून मोबाइल घेतला. इतक्या वर्षांत ती माझ्या नवऱ्याशी 'जेवलात का' आणि 'चहा घ्या' यापलीकडे बोललेली नाही.

"आणा," ती म्हणाली. नवऱ्याने स्पीकर लावला होता, म्हणून मी ऐकलं. "खुशाल आणा. पण एकटी झाडं नाय ठेवून घेणार. तुमी पन यायचं. त्यांच्याबरोबर आतच बसायचं, दार लावून. दोन म्हैने."

"वहिनी, असं कसं..."

"मग नका आणू," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला. मग मला म्हणाला, "काय झालंय त्यांना? मी काही चुकीचं बोललो का?"

त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि कळावं असं मला आता वाटतही नाही. थर्माकोलची खोकी हॉलमध्ये चपलांच्या मांडणीजवळ एकावर एक रचून ठेवलेली आहेत. वर इंग्रजीत तीच सूचना. येताजाता मुलगी त्यांच्यावर बॅग टाकते. पंखा फुल स्पीडवर चालू असतो, आणि तो खाली बसून गटावर विचारत असतो की पालघर भागात कोणाकडे मोठा फ्रिज आहे का.